पाणी भरून विकता, मग काढायची सोयही द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लग्नाचं चित्रीकरण करणारे स्टुडिओ, आर्किटेक्टची कार्यालयं आणि गेम खेळणारी कॉलेजची मुलं, या सगळ्यांकडे गोव्यात आता पाण्यानं थंड होणारे कॉम्प्युटर दिसू लागले आहेत. काचेची पेटी, आत रंगीत नळ्या, दिव्यांची रोषणाई. काम देखणं असतं, आणि पैसेही लाखाच्या वर जातात. पण आतलं पाणी कधी बदलायचं, ते कुठून काढायचं आणि काढलेलं कुठे टाकायचं, हे बिलावर लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. त्याबद्दल हे पत्र.

मी फोंड्यातला पंप मेकॅनिक. कुळागरांतले, म्हणजे पोफळीच्या बागांतले पंप, विहिरींवरच्या मोटारी, त्यांची सीलं, फूटव्हॉल्व्ह आणि वाइंडिंग यांत आयुष्य गेलं. मुलगी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकली आणि माझ्याच दुकानाच्या अर्ध्या भागात तिनं कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. असं पाण्याचं मशीन तिच्याकडे पहिल्यांदा आलं तेव्हा म्हणाली, "बाबा, यातलं इलेक्ट्रॉनिक्स माझं, पाणी तुझं." वाटणी आजतागायत तशीच आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवतात, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. ग्राफिक्स कार्डावर तसाच दुसरा. मुठीएवढा पंप टाकीतलं पाणी त्यांतून फिरवतो, तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये जातं, पंखे ते निववतात आणि पाणी परत टाकीत. सगळं मिळून साधारण लिटरभर. तेवढ्याच जागेत मावणाऱ्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून जास्त उष्णता धरतं, म्हणून ही खटपट. युक्ती चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण जिथं पाणी फिरतं तिथं गाळ, गंज, हवा आणि गळती हे चौघे आज ना उद्या येतातच, आणि विकणारा त्यांची ओळखच करून देत नाही.

तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं असताना अंत्रुजातल्या, म्हणजे आमच्या फोंडा भागातल्याच, एका स्टुडिओचं मशीन आमच्याकडे आलं. तक्रार एवढीच की व्हिडिओ रेंडरला टाकला की पंखे बोंबलतात आणि काम रांगायला लागतं. मुलीनं तापमान बघितलं, प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास जाऊन स्वतःच वेग कमी करत होता. पंप चालू, पंखे चालू. म्हणजे दोष पाण्यात. टाकीत दुधट पिस्ता रंगाचं कूलंट (थंड करण्यासाठी फिरवायचं तयार पाणी) होतं, वर फिकट आणि तळाशी बोटभर साका. ब्लॉक खोलला. आत तांब्याच्या उभ्या बारीक पात्या असतात, त्यांच्यामधल्या फटी अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद. पाणी जिथून आत शिरतं तिथं बरोब्बर मधोमध पिस्ता रंगाची घट्ट पट्टी बसलेली. बोटावर घेतली तर चिकट, वास कुबट. कडेच्या पात्या लख्ख तांबूस होत्या, कारण पाणी तिथवर पोचतच नव्हतं. नळ्या बाहेरून बऱ्या दिसत होत्या, पण कापून बघितल्या तर आतून धुरकट, नखानं खरवडलं की थर निघायचा.

याची कारणं दोन, आणि दोन्ही विकणाऱ्याला ठाऊक असायला हवीत. अपारदर्शक, दुधट कूलंटमध्ये रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी फिरतंय तोवर ते तरंगतात, पाणी थांबलं की खाली बसतात. दुसरं, मऊ पीव्हीसी नळी लवचीक राहावी म्हणून तिच्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू सुटून पाण्यात येतं आणि ब्लॉकच्या फटींत जाऊन अडकतं. ईपीडीएम रबराच्या काळ्या नळीत हा त्रास जवळजवळ नसतो. पण काळी नळी फोटोत दिसत नाही, त्यामुळे ती कोणी मागत नाही.

आता यात गोव्याचा भाग बघा. आमच्या स्टुडिओवाल्यांचा हंगाम तुळशीच्या लग्नापासून मे अखेरपर्यंत. ख्रिस्ती लग्नंही पावसाळा टाळूनच होतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मशीनवर चादर पडते ती चवथ उलटून जाईपर्यंत. म्हणजे पाणी नेमकं साठून राहतं त्याच महिन्यांत, जेव्हा आमच्याकडे कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते. कणांना खाली बसायला फुरसत मिळते आणि जंतूंना वाढायला. खिडकीजवळ पारदर्शक नळ्यांचं मशीन असेल तर शेवाळसुद्धा धरतं. म्हणून ज्याला वर्षभर रोज मशीन लागतं त्याच्यापेक्षा हंगामी माणसानं पाण्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. स्वच्छ, पारदर्शक कूलंट वर्षभर, फार तर दोन वर्षं चालतं. दुधट रंगाचं सहा महिन्यांनी बघावं आणि वर्षाच्या आत बदलावं. माझं विचाराल तर ते दुधट पाणी या हवेत वापरूच नये. रंग हवा असेल तर पेटीत रंगीत दिवे लावा.

एक गैरसमज मात्र दूर करतो, कारण दुकानात सारखा ऐकू येतो: "पावसात हवा दमट, मग नळ्यांना घाम येऊन शॉर्ट होणार." होणार नाही. रेडिएटरमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, ते तिच्यापेक्षा थोडं गरमच राहतं. घाम थंड वस्तूला येतो. बर्फाची पेटी किंवा चिलर जोडला तर गोष्ट वेगळी. दमटपणाचा खरा त्रास बाहेरून होतो. मिरामार, कोलवा, कळंगुट अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा रेडिएटरच्या पातळ पट्ट्या खाते, आणि आमच्याकडे त्यांच्यात तांबडी धूळ बसते. ब्लोअरनं ती उडवताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. वाऱ्यावर भन्नाट फिरू दिलं तर पंख्याचं बेअरिंग जातं.

आता पाणी काढायचं कसं ते जरा सविस्तर लिहितो, कारण घाई इथंच होते. मशीन बंद करून वायर प्लगमधून काढायची. मग पॉवरचं बटण एकदा दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पाणी निवू द्यायचं. बाजूची काच आधी उतरवून गादीवर ठेवायची. फरशीवर उभी केलीत तर टफन्ड काचेचा कोपरा टाइलला लागून अख्ख्या काचेचा चुरा होऊ शकतो, आणि टाइल नसलेली खोली गोव्यात आता शोधावी लागते. पेटीखाली जुना टॉवेल आणि पॉवर सप्लायवर प्लास्टिक.

जोडणी शहाण्यानं केली असेल तर सर्वांत खालच्या जागी छोटा बॉल व्हॉल्व्ह असतो. त्याला हातभर नळी लावायची, दुसरं टोक कॅनमध्ये सोडायचं आणि व्हॉल्व्ह उघडायचा. पुष्कळांचं इथं अडतं. चार थेंब पडतात आणि सगळं थांबतं, कारण वर टाकीचं झाकण बंद असतं. वरून हवा आत शिरल्याशिवाय खालून पाणी सुटत नाही, हे कुळागरात पंप बसवणाऱ्या कोणालाही कळतं, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून कामाला बसलेल्या पोराला ते कोणी सांगितलेलं नसतं. झाकण उघडलं की धार लागते. धार थांबली म्हणजे संपलं असंही नाही. रेडिएटरच्या चपट्या वाहिन्यांत बरंच पाणी अडून राहतं, त्यासाठी पेटी पुढे, मागे आणि दोन्ही कुशींवर सावकाश कलती करावी लागते. याला दोन माणसं लागतात. ब्लॉकमुळे ग्राफिक्स कार्ड जड झालेलं असतं, त्याला खालून हात द्यावा.

ज्यांच्या मशीनला व्हॉल्व्हच नाही त्यांनी सर्वांत खालचं फिटिंग ढिलं करायचं, खाली टब धरायचा आणि देवाला नारळ बोलायचा. त्याच्या शेजारी काय आहे ते बघून ठेवा, बहुतेक वेळा पॉवर सप्लायच असतो. मशीनच्या किमतीपुढे व्हॉल्व्हची किंमत काहीच नाही. तरी तो बसवत नाहीत, का तर म्हणे नळ्यांची रेघ बिघडते.

आमच्या धंद्यातल्या मंडळींना एक विनंती. आपला हात पाइपाच्या आट्यांना सुतळी-सफेदा नाहीतर टेफ्लॉन टेप लावायला सवकलेला असतो. इथं ते लावू नका. या फिटिंगच्या आट्या समांतर असतात आणि पाणी अडतं ते रबराच्या ओ-रिंगनं. टेप गुंडाळून पान्यानं आवळलं की टाकीचं ॲक्रिलिक तडकतं. हातानं घट्ट केलं तेवढं पुरे. ओ-रिंग चपटी झालेली किंवा चिरलेली दिसली तर नवी घाला.

ब्लॉक साफ करायला मऊ टूथब्रश आणि डिस्टिल्ड पाणी. आमच्या बायका तांब्याची भांडी चिंच-मिठानं नाहीतर आमसुलानं लखलखीत करतात, त्यामुळे एका गिऱ्हाइकानं घरीच ब्लॉकला चिंच चोळून आणला होता. तांबं चमकलं खरं, पण चिंचेचे तंतू पात्यांत अडकले ते सुईनं काढत बसावं लागलं. नुसत्या तांब्याला पातळ केलेलं व्हिनेगर चालतं. पण ब्लॉक चांदीच्या रंगाचा दिसत असेल तर त्यावर निकेलचा मुलामा असतो, तिथं आंबट काहीही लावू नका, मुलामा उठतो. ॲक्रिलिकच्या भागांना स्पिरिट लावू नका, तेही तडकतं. ब्लॉक परत बसवताना प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, हे मुलगी बजावून सांगते म्हणून लिहितो.

आणि पाणी काढून मशीन तसंच रिकामं ठेवून पावसाळा काढू नका. पुरता कोरडा रेडिएटर आमच्या जुलैत होणं शक्य नाही, आणि ओलं तांबं हवेत राहिलं की जास्त बिघडतं. एक तर नवं कूलंट भरा आणि आठवड्यातून एकदा तासभर मशीन चालवा, नाहीतर सगळं खोलून ठेवा.

भरायला कुठलं पाणी? ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणारं नळाचं पाणी प्यायला उत्तम, पण त्यात क्लोरीन आहे आणि क्षार आहेत, इथं ते नको. आरओचंही नको, त्यात थोडे क्षार उरतातच. इन्व्हर्टरसाठी मिळणारं बॅटरीचं पाणी हे पुष्कळदा डिस्टिल्ड नसून डिमिनरलाइज्ड असतं. त्यातले क्षार काढलेले असतात, पण जंतू गेलेले असतीलच असं नाही. काही जण एसीखाली बादली लावून ते पाणी भरतात. ते वाफेचं पाणी असलं तरी कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन खाली आलेलं असतं. डिस्टिल्ड पाणी आणा आणि त्यात गंज व जंतू रोखणारं द्रव्य घाला, नाहीतर तयार कूलंट घ्या. एक सांगून ठेवतो, शुद्ध पाणी वीज वाहून नेत नाही हे खरं असलं तरी महिनाभर तांब्यातून फिरलेलं पाणी शुद्ध राहत नाही. गळालं तर मदरबोर्ड जळू शकतो.

भरताना पंप कोरडा चालवायचा नाही. या पंपाचं बेअरिंग आतल्या पाण्यावरच फिरतं, कोरडा चालला तर लवकर मरतो. टाकी भरायची, दोन-तीन सेकंद पंप चालवायचा, टाकी उतरली की बंद करून पुन्हा भरायची. या वेळी वीज फक्त पंपाला हवी, बोर्डाला आणि ग्राफिक्स कार्डाला नको. म्हणून मदरबोर्डाचा 24 पिनांचा प्लग आणि बाकीच्या वीजजोडण्या काढून त्या प्लगला तयार जंपर, म्हणजे बोर्डाशिवाय पॉवर सप्लाय चालू करणारी छोटी जोडणी, लावतात. पूर्वी हिरवी आणि काळी वायर जोडायची असं तोंडपाठ होतं, हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, तेव्हा तारेचे तुकडे घालून अंदाजपंचे करू नका. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून पंप निदान रात्रभर, जमल्यास दिवसभर चालवा. कागद ओला झाला तर कळेल कुठून. बुडबुडे जाईपर्यंत पेटी अधूनमधून कलती करा.

काढलेल्या पाण्याचं काय, यावर मात्र सगळेच गप्प. आमच्याकडे जुन्या घरांत न्हाणीचं पाणी थेट मागच्या माडाच्या आळ्यात नाहीतर केळींत जातं, आणि विहीर तिथून काही पावलांवर असते. जांभा दगड सच्छिद्र, वर ओतलेलं खाली झिरपतं. या कूलंटमध्ये विरघळलेलं तांबं असतं, जंतुनाशक असतं आणि बहुतेक वेळा ग्लायकॉल असतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल असेल तर विषारीपणा कमी. इथिलीन ग्लायकॉल असेल तर ते चवीला गोड आणि जात्याच विषारी, कुत्र्या-मांजरानं थोडं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. रंगीत पाण्याची बाटली पडवीत ठेवलेली असताना लहान मूल ते सरबत समजलं तर? आम्ही काढलेलं पाणी जाड कॅनमध्ये भरून, झाकण लावून, वर लाल अक्षरांत 'विष' लिहून माळ्यावर ठेवतो. माळा भरत चालला आहे. आमच्याकडे सुका कचरा न्यायला येणारी माणसं कॅन घेत नाहीत, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, त्यांना कोणी घ्यायला सांगितलेलंच नाही.

म्हणून मागणी दोघांकडे आहे. पहिली विक्रेत्यांकडे. गॅरेजमध्ये ऑइल बदललं की मेकॅनिक पुढच्या ऑइलच्या किलोमीटरचं कार्ड गाडीत अडकवतो, तसं एक कार्ड पेटीच्या आत चिकटवा. कूलंट भरल्याची तारीख, बदलायची तारीख, कूलंटचं नाव, त्यात कोणतं ग्लायकॉल आहे, ब्लॉक आणि रेडिएटर कोणत्या धातूचे आहेत, आणि व्हॉल्व्ह कुठे आहे. धातू का, तर स्वस्तातले काही रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात, आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर एकाच पाण्यात जोडले की ॲल्युमिनियम झिजून आतून पांढरी पूड सुटते. पुढे दुरुस्त करणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं. व्हॉल्व्ह न बसवता असं मशीन विकूच नये, असंही माझं मत आहे.

दुसरी मागणी गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे. साळगाव आणि काकोडा इथल्या प्रकल्पांवर वापरलेल्या कूलंटसाठी एकेक पिंप ठेवावं आणि ते कोणत्या वारी घेतलं जाईल ते वृत्तपत्रातून कळवावं. वाहनांच्या रेडिएटरचं हिरवं-लाल पाणीही त्यातच जमा होईल. आज ते बिनदिक्कत गटारात आणि तिथून व्हाळात जातं. कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा गॅरेजवाल्यांचं पाणी कितीतरी जास्त आहे, हे मला मान्य आहे.

ज्यांच्याकडे कंपनीतूनच सीलबंद येणारा कूलर आहे, दोन नळ्या, एक रेडिएटर आणि प्रोसेसरवरच पंप, त्यांनी यातलं काही करायचं नाही. तो उघडायचा नसतो. रेडिएटरची धूळ झाडत राहा आणि पंप हा त्या जोडणीतली सर्वांत उंच जागा होणार नाही असा बसवा, नाहीतर हवा त्यात जमून तो घरघरतो. नळ्यांच्या रबरातून पाणी थोडंथोडं उडत असतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी तो बदलायची तयारी ठेवावी.

कार्डाचा नमुना मुलीनं कॉम्प्युटरवर तयार केला आहे, मराठीत आणि इंग्रजीतही. फोंडा बाजारातल्या दोन विक्रेत्यांना दिला, एकानं लगेच लावायला सुरुवात केली, दुसरा म्हणाला, "गिऱ्हाईक घाबरेल." आणखी कोणाला हवा असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, आम्ही पाठवू. पैसे नकोत.

आपला,
एक पंप मेकॅनिक, फोंडा
(नाव व पत्ता संपादकांपाशी)